ताऱ्याच्या पोटात, मागच्या दाराने

आगीचा गोळा म्हणून सूर्याचा दरारा मोठा, पण वजनाच्या हिशेबाने पाहिले तर त्याचा कारभार फारच थंड आहे. सत्तर किलोचा माणूस नुसता बसून असला तरी त्याच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. सूर्याच्या सत्तर किलो द्रव्याच्या वाट्याला येते जेमतेम एक शतांश वॅट. सूर्य तळपतो तो त्याच्या अवाढव्य आकारामुळे. आतली भट्टी अतिशय मंद आहे, आणि मंद आहे म्हणूनच ती ४६० कोटी वर्षे पुरली.

हे आपल्या पथ्यावर पडले. मात्र ताऱ्यांच्या पोटात कोणती अणुकेंद्रके एकमेकांत मिसळतात आणि किती वेगाने, हे मोजू पाहणाऱ्यांची त्यातून मोठी पंचाईत झाली. जी घटना खुद्द ताऱ्यातही क्वचित घडते, ती प्रयोगशाळेत घडवून मोजायची कशी? सरळ रस्ता बंद दिसल्यावर भौतिकशास्त्रज्ञांनी आडवाटा शोधल्या. प्रत्येक आडवाटेने काहीतरी हाती लागले आणि प्रत्येकीने त्याची किंमतही वसूल केली.

प्रश्नाची सुरुवात १९२० साली झाली. केंब्रिजमध्ये फ्रान्सिस अॅस्टन अणूंची वजने काटेकोर मोजत होते. हेलियमचा एक अणू हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षा किंचित हलका भरतो, असे त्यांना आढळले. त्या वर्षी कार्डिफला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात आर्थर एडिंग्टन यांनी त्यातून थेट निष्कर्ष काढला, की सूर्यात हायड्रोजनचा हेलियम होत असावा आणि हरवलेले वजन ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडत असावे. आक्षेप लगेच आला. सूर्याच्या गाभ्याचे तापमान दीड कोटी अंशांच्या घरात असले, तरी तिथल्या प्रोटॉनची सरासरी ऊर्जा एक-दोन हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढीच. दोन प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, आणि हे प्रतिकर्षण ओलांडायला काही लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणजे सूर्य पेटायलाच नको होता.

उत्तर पुंजभौतिकीतून आले. जॉर्ज गॅमो यांनी १९२८ साली दाखवले, की कणाजवळ भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नसली तरी तो कधीमधी भिंतीतून आरपार जाऊ शकतो. पुढच्याच वर्षी अॅटकिन्सन आणि हाउटरमान्स यांनी हे गणित ताऱ्यांना लावले. सरासरीपेक्षा बरेच वेगवान असे थोडे प्रोटॉन, आणि त्यांतल्याही थोड्यांना साधणारा हा आरपार प्रवास, या दोन्हींचा मेळ ऊर्जेच्या एका अरुंद पट्ट्यात बसतो. त्या पट्ट्याला गॅमोची खिडकी म्हणतात. ताऱ्यातले सारे काही त्या खिडकीत घडते. कोणत्या अभिक्रियांची साखळी सूर्याला चालवते, ते १९३८-३९ मध्ये हान्स बेथे यांनी मांडले आणि कागदावरचा आराखडा पुरा झाला.

राहिले होते आकडे. प्रयोगशाळेत त्वरकातून प्रोटॉन लाख-दोन लाख इलेक्ट्रॉनव्होल्टने हाणले तर अभिक्रिया सहज मोजता येते. ऊर्जा खिडकीकडे उतरवत नेली की मोजणी कड्यावरून कोसळावी तशी कोसळते. तासाला हजार घटना, मग दहा, मग दिवसाला एखादी. शेवटी आकाशातून सतत बरसणाऱ्या विश्वकिरणांच्या गोंगाटात खरी घटना हरवून जाते. तिथे थांबायचे आणि आलेखाची रेघ अंदाजाने पुढे ओढायची, हा बराच काळचा रिवाज. न मोजलेल्या भागात एखादे शिखर दडले असेल तर ती रेघ दहापट, शंभरपट चुकू शकते, हे सगळ्यांना ठाऊक होते.

या कामाचे माहेरघर ठरली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधली केलॉग प्रयोगशाळा. कॉर्नफ्लेक्सच्या धंद्यात गब्बर झालेल्या डब्ल्यू. के. केलॉग यांच्या देणगीतून ती उभी राहिली, आणि सुरुवातीला तिथे उच्च दाबाच्या क्ष-किरणांनी कॅन्सरच्या रुग्णांवर उपचार होत. डॅनिश वंशाचे चार्ल्स लॉरिट्सन तिचे प्रमुख आणि विल्यम फाउलर त्यांचे विद्यार्थी. बेथे यांचा निबंध वाचल्यावर या दोघांच्या लक्षात आले, की कार्बन आणि नायट्रोजनवर प्रोटॉन मारून आपण जे मोजत बसलो आहोत, तेच ताऱ्यांत चालले आहे. युद्ध संपल्यावर बाकीचे भौतिकशास्त्र जास्त जास्त ऊर्जेच्या मागे धावत सुटले. केलॉगच्या मंडळींनी ठरवून कमी ऊर्जेचा रस्ता धरला. त्या काळी तो मागासलेला वाटला असेल, पण पुढची तीस वर्षे या विषयावर त्यांचीच हुकमत राहिली.

खरी अडचण हेलियमच्या पुढे होती. पाच किंवा आठ कणांचे टिकाऊ अणुकेंद्रक निसर्गात नाही. हेलियमची दोन केंद्रके, म्हणजे दोन अल्फा कण, चिकटून बेरिलियम-८ झाले तरी ते सेकंदाच्या कोट्यंशाच्याही कोट्यंशात फुटते. मग कार्बन आला कुठून? एडविन सालपिटर १९५१ च्या उन्हाळ्यात केलॉगमध्ये होते. त्यांनी हिशेब मांडला, की तांबड्या राक्षसी ताऱ्याच्या दाट गाभ्यात कोणत्याही क्षणी बेरिलियम-८ चा अगदी नाममात्र साठा असतोच. फुटण्याआधी त्याला तिसरा अल्फा कण येऊन भेटला, तर कार्बन-१२ तयार होतो. कल्पना नामी होती, वेग मात्र कमी पडत होता.

१९५३ च्या सुरुवातीला केंब्रिजचे फ्रेड हॉयल तिथे पाहुणे म्हणून होते. जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून मराठी वाचकांना हे नाव ओळखीचे आहे. नारळीकर त्यांच्याकडे गेले ते मात्र पुढे सात-आठ वर्षांनी. हॉयल यांनी हिशेब उलट्या बाजूने केला. सालपिटरच्या वेगाने कार्बन तयार झाला, तर तो साचण्याआधीच आणखी एक अल्फा कण गिळून ऑक्सिजन होऊन जाईल. विश्वात कार्बन तर भरपूर दिसतो. तेव्हा कार्बन-१२ च्या केंद्रकाला मूळ स्थितीपेक्षा सुमारे ७६ लाख ५० हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट वर एक ऊर्जापातळी असलीच पाहिजे. तीन अल्फा कणांची एकत्रित ऊर्जा त्या पातळीशी जुळते, अनुनाद घडतो आणि अभिक्रियेचा वेग प्रचंड वाढतो.

एका खगोलशास्त्रज्ञाने येऊन अणुकेंद्रकाची पातळी सांगावी, हे फाउलर यांना पचणे कठीण होते. वॉर्ड व्हेलिंग यांच्या गटाने मात्र प्रयोग मनावर घेतला. कण वेगळे करणारा टनावारी वजनाचा चुंबक अरुंद बोळातून हलवायचा होता. पोलादी पत्र्याखाली शेकडो टेनिसचे चेंडू घालून, मागून सुटलेले चेंडू उचलून पुन्हा पुढे टाकत तो सरकवला, असे सांगतात. नायट्रोजनवर ड्यूटेरॉन (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जोड्या) मारले की अल्फा कण सुटतो आणि मागे कार्बन-१२ उरतो. सुटलेल्या अल्फा कणाची ऊर्जा मोजली की कार्बन कोणत्या पातळीवर उरला ते कळते. पातळी सापडली, ७६ लाख ८० हजारांवर, ३० हजार इकडेतिकडे. त्या वर्षी अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या बैठकीसाठी दिलेल्या टिपणात हॉयल यांचे नाव पहिले आहे, आणि ते रास्तच होते.

इथे एक लोकप्रिय समज बाजूला सारायला हवा. ‘आपण आहोत, त्याअर्थी कार्बन असलाच पाहिजे’ अशा युक्तिवादातून हॉयल यांनी ही पातळी ओळखली, असे नेहमी लिहिले जाते. १९५३ सालचा त्यांचा युक्तिवाद कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या प्रमाणाचा होता. जीवसृष्टीचा धागा त्याला बऱ्याच वर्षांनी जोडला गेला.

पातळी सापडली म्हणून काम संपले नव्हते. पातळी असणे वेगळे आणि तीन अल्फा कणांना तिथे पोहोचता येणे वेगळे. केंद्रकाची फिरकी (स्पिन) जुळणारी नसेल तर वाट बंद असू शकते. तीन अल्फा कण ताऱ्यातल्यासारखे एकाच वेळी एकत्र आणणे कोणत्याही प्रयोगशाळेला शक्य नव्हते, आजही नाही. मग १९५७ साली कुक, फाउलर, चार्ल्स लॉरिट्सन आणि त्यांचे चिरंजीव टॉमस लॉरिट्सन यांनी घटना उलटी चालवली.

त्यांनी बोरॉनवर ड्यूटेरॉनचा झोत मारून बोरॉन-१२ बनवला. हा समस्थानिक अत्यंत अल्पायुषी आहे. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात त्यातला निम्मा बीटा ऱ्हासाने कार्बन-१२ होऊन जातो. बहुतेक वेळा तो कार्बन मूळ स्थितीतच उतरतो, पण काही थोड्या वेळा हॉयल यांच्या पातळीवर जाऊन बसतो. तिथून पुढे काय होते, ते पाहायचे होते. डिटेक्टरमध्ये कमी ऊर्जेचे अल्फा कण आले. म्हणजे ती पातळी बेरिलियम-८ आणि एका अल्फा कणात, आणि सरतेशेवटी तीन अल्फा कणांत फुटत होती. अणुकेंद्रकांचे नियम काळाच्या दोन्ही दिशांना सारखेच लागू पडतात. ज्या वाटेने तीन अल्फा बाहेर पडतात, त्याच वाटेने ते आत येऊ शकतात. सुटलेल्या कणांच्या ऊर्जेवरून पातळीचे स्थानही आधीपेक्षा नेमके मिळाले. ताऱ्याच्या गाभ्यातली अभिक्रिया एकदाही न घडवता ती घडते याचा पुरावा हाती आला होता. ‘फिजिकल रिव्ह्यू’मधल्या त्या निबंधाच्या शीर्षकात बोरॉन-१२ आणि कार्बन-१२ यांच्या जोडीला चक्क तांबडे राक्षसी तारे होते.

या पातळीवर पोहोचलेली बहुतेक केंद्रके परत फुटतात, हे पुढच्या मोजणीतून कळले. दहा हजारांतली साधारण चारच गॅमा किरण किंवा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी बाहेर टाकून टिकाऊ कार्बन म्हणून उरतात. आपल्या अंगातला सगळा कार्बन त्या चारांतला.

त्याच १९५७ साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, फाउलर व हॉयल यांचा मूलद्रव्यांच्या जडणघडणीवरचा शंभराहून अधिक पानांचा निबंध आला आणि या विषयाला घराचा नकाशाच मिळाला. त्यातल्या एका खोलीचे कुलूप मात्र उघडेना. कार्बन-१२ ने आणखी एक अल्फा गिळून ऑक्सिजन-१६ व्हायचे, ते किती वेगाने? त्यावर कार्बन आणि ऑक्सिजनचे प्रमाण ठरते. आणि त्या प्रमाणावर मोठा तारा पुढे कसा जळतो, श्वेतबटू कशाचा बनतो, सुपरनोव्हानंतर काय उरते, हे सारे अवलंबून असते.

फाउलर यांना १९८३ चे नोबेल सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या जोडीने मिळाले. (हॉयल यांना वगळले गेले. याचे समाधानकारक स्पष्टीकरण माझ्या वाचनात आलेले नाही.) आपल्या नोबेल व्याख्यानात फाउलर यांनी सांगितले, की माणसाच्या शरीराच्या वजनात ६५ टक्के ऑक्सिजन आणि १८ टक्के कार्बन आहे, आणि या दोघांचे प्रमाण ठरवणारी अभिक्रिया अजून नीट कळलेली नाही. पन्नास वर्षांच्या कामानंतर मिळालेल्या पुरस्काराच्या भाषणात मुख्य प्रश्न सुटला नसल्याची कबुली देणे, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते.

अडचण अशी, की ताऱ्यात ही अभिक्रिया तीन लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास घडते आणि प्रयोगशाळेतली थेट मोजणी दहा लाखांच्या जवळपासच धापा टाकू लागते. त्यात ऑक्सिजनच्या दोन पातळ्या अभिक्रियेच्या उंबरठ्याच्या किंचित खाली आहेत. त्या दिसत नाहीत, पण त्यांच्या शेपट्या वर येतात आणि ताऱ्यातला वेग मुख्यत्वे त्याच ठरवतात.

इथेही वाट बीटा ऱ्हासाने दाखवली. नायट्रोजन-१६ चे अर्धायुष्य सात सेकंदांचे. ऱ्हासानंतर तो ऑक्सिजन-१६ होतो, आणि लाखातून एखाद्या वेळी तो ऑक्सिजन फुटून कार्बन आणि अल्फा कण वेगळे होतात. या अल्फा कणांच्या ऊर्जेचा आलेख काढला, तर अगदी कमी ऊर्जेच्या टोकाला एक छोटा उंचवटा दिसायला हवा. तोच त्या दडलेल्या शेपटीचा ठसा. व्हँकूव्हरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत लोथार बुखमान यांच्या गटाने नायट्रोजन-१६ चा झोत अतिशय पातळ कार्बनच्या पापुद्र्यात रुतवला आणि तो पापुद्रा पातळ सिलिकॉन डिटेक्टरांसमोर आणला. एकीकडे अल्फा आणि विरुद्ध बाजूला कार्बन, दोन्ही एकाच क्षणी आले तरच घटना खरी धरायची, म्हणजे बीटा कणांचा कचरा गाळला जाई. झोतात नायट्रोजन-१७ आणि १८ ची भेसळ तर नाही ना, हेही तपासावे लागले. कारण तेही अल्फा कण सोडतात आणि तो नाजूक उंचवटा सहज बिघडवू शकतात. दहा लाखांच्या आसपास खरे अल्फा कण गोळा झाले. उंचवटा दिसला. १९९३ मध्ये ट्रायम्फ आणि येल विद्यापीठ या दोन्ही गटांचे निष्कर्ष पाठोपाठ प्रसिद्ध झाले.

तरीही हिशेबाची एकच बाजू पुरी झाली. वरच्या दोन शेपट्यांपैकी पहिलीचा पत्ता नायट्रोजनने दिला. दुसरीबद्दल त्याने मौन पाळले. आडवाटेने गेले की जे वाटेत दिसते तेवढेच मिळते.

याच काळात दुसऱ्या एका प्रश्नाने सगळ्यांची झोप उडवली होती. रेमंड डेव्हिस यांनी साउथ डाकोटातल्या होमस्टेक खाणीत दीड किलोमीटर खोल, सहाशे टन ड्राय-क्लीनिंगचे द्रव भरलेली टाकी बसवून सूर्याचे न्यूट्रिनो पकडायला घेतले. १९६८ पासून निकाल येत राहिले आणि जॉन बाकॉल यांनी गणिताने सांगितलेल्या संख्येच्या एकतृतीयांशच न्यूट्रिनो सापडत राहिले. कोण चुकतेय? डेव्हिस, बाकॉल, की सूर्य? डेव्हिस यांच्या टाकीत सापडणारे बहुतेक न्यूट्रिनो बोरॉन-८ चे. तो तयार होतो बेरिलियम-७ आणि प्रोटॉन यांच्या मिलनातून, आणि सूर्यातल्या साखळीत ही फांदी दहा हजारांत दोनदाच घेतली जाते. या एका अभिक्रियेचा वेग चुकला असेल, तर बाकॉल यांचा आकडा त्याच प्रमाणात चुकणार. बेरिलियम-७ स्वतः किरणोत्सारी. ५३ दिवसांत निम्मा संपतो. त्याचे लक्ष्य बनवून केलेल्या थेट प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नव्हते.

बाउर, बेर्तुलानी आणि रेबेल यांनी १९८६ मध्ये सुचवले, की हेही उलटे चालवा. बोरॉन-८ चा वेगवान झोत शिशाच्या जड केंद्रकाजवळून जाऊ द्या. शिशाचा विद्युतभार एवढा मोठा, की जवळून भरधाव जाणाऱ्या केंद्रकाला ते क्षेत्र प्रकाशकणांच्या लोटासारखे जाणवते. त्या धक्क्याने बोरॉन-८ फुटून बेरिलियम-७ आणि प्रोटॉन सुटतात. सूर्यात हे दोघे जुळताना गॅमा किरण बाहेर पडतो, इथे गॅमा किरण घेऊन ते वेगळे होतात. या उलट्या दिशेला घटना शेकडो पटींनी जास्त वेळा घडतात. तोक्योजवळच्या रिकेन संस्थेत तोहरू मोतोबायाशी यांच्या गटाने १९९४ मध्ये हा प्रयोग यशस्वी केला. मोतोबायाशींचा आकडा वादातल्या दोन पक्षांपैकी कमी वेग सांगणाऱ्या पक्षाच्या बाजूने पडला.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठात रॉबर्ट ट्रिबल, कार्ल गॅग्लियार्डी आणि सैद्धांतिक बाजू सांभाळणारे अक्रम मुखामेदझानोव्ह यांनी तिसरीच वाट काढली. इतक्या कमी ऊर्जेला प्रोटॉन बेरिलियमच्या आत शिरण्याआधी, बराच बाहेर असतानाच पकडला जातो. तेव्हा केंद्रकाच्या आतले गुंते सोडून द्या. बोरॉन-८ मधल्या प्रोटॉनची बाहेरवर पसरलेली शेपटी किती मोठी आहे तेवढे कळले तरी पुरे. ती मोजायला सूर्याची ऊर्जा लागत नाही. बेरिलियम-७ दुसऱ्या केंद्रकाशी भिडवून त्याचा एक प्रोटॉन उचलायला लावला की काम होते.

तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेले आकडे एकमेकांच्या आसपास पडले, आणि डेव्हिस यांची तूट भरून काढण्याइतका फरक त्यांतल्या कशातच नव्हता. खाणीतला माणूसही बरोबर होता, कागदावरचाही. कॅनडातल्या सडबरी वेधशाळेने दोन किलोमीटर खोल हजार टन जड पाणी वापरून २००१-०२ मध्ये उरलेला संशयित पकडला. न्यूट्रिनो वाटेत आपली जात बदलत होते आणि डेव्हिस यांच्या टाकीला फक्त एकच जात दिसत होती.

गेर्हार्ड बाउर यांनी त्याच १९८६ साली आणखी एक कल्पना दिली होती. तिचा खरा संसार थाटला तो सिसिलीत, एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेल्या कातानियात, क्लाउदियो स्पितालेरी यांच्या गटाने. नाव दिले ट्रोजन हॉर्स. समजा लिथियम-७ आणि प्रोटॉनची अभिक्रिया हवी आहे. एकटा प्रोटॉन कमी ऊर्जेने पाठवला तर तो प्रतिकर्षणामुळे दाराबाहेरच अडतो. म्हणून तो ड्यूटेरॉनच्या पोटात घालून पाठवायचा. ड्यूटेरॉन म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉनची सैलसर गाठ. लिथियम आणि ड्यूटेरॉन भरपूर ऊर्जेने एकमेकांवर आदळतात, प्रतिकर्षणाची भिंत पार होते, आत गेल्यावर प्रोटॉन लिथियमशी भिडतो आणि न्यूट्रॉन काही न करता निघून जातो. गाठ सोडवण्यात गेलेली ऊर्जा आणि गाठीच्या आतली प्रोटॉनची हालचाल हिशेबात धरली, की आतली टक्कर जणू काही हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचीच होती असे निघते. १९३२ मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी माणसाने बनवलेल्या त्वरकाने पहिल्यांदा अणुकेंद्रक फोडले, ते याच लिथियम-७ चे. सत्तर वर्षांनी त्याच अभिक्रियेने नव्या पद्धतीची परीक्षा घेतली.

या पद्धतीचा एक मोठा फायदा होता. प्रयोगशाळेतल्या लक्ष्यावर अणूंभोवती इलेक्ट्रॉन असतात आणि ते केंद्रकाचा भार काहीसा झाकतात. त्यामुळे अगदी कमी ऊर्जेला थेट मोजणी फुगून दिसते. घोड्याच्या पोटातून गेलेल्या प्रोटॉनला हा पडदा लागत नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की पडद्याची जाडी कळते. ती सिद्धांतापेक्षा जास्त निघाली, आणि त्याचे सर्वमान्य कारण अजून सापडलेले नाही.

सरळ रस्त्यावरची मंडळीही गप्प बसलेली नव्हती. क्लाउस रोल्फ्स आणि सहकाऱ्यांनी इटलीत ग्रान सासो पर्वताच्या १४०० मीटर खडकाखाली, मोटाररस्त्याच्या बोगद्याला लागून असलेल्या प्रयोगशाळेत एक लहानसा त्वरक नेऊन बसवला. नाव लूना. वरचा खडक विश्वकिरणांचा मारा दहा लाख पटींनी कमी करतो. तिथे १९९० च्या दशकात हेलियम-३ ची दोन केंद्रके एकमेकांवर आदळवत ते साडेसोळा हजार इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत, म्हणजे सूर्याच्या गॅमो खिडकीत, उतरले. सगळ्यात खालच्या टप्प्यावर महिन्याला दोन घटना मिळत होत्या. फाउलर यांनी १९७२ मध्ये तर्क केला होता, की या अभिक्रियेत एखादी अज्ञात पातळी दडली असेल तर न्यूट्रिनोंचे कोडे सुटेल. महिन्याला दोन घटना मोजत बसलेल्यांनी दाखवून दिले, की तशी पातळी तिथे नाही.

२००४ मध्ये लूनाने नायट्रोजन-१४ आणि प्रोटॉनची अभिक्रिया पूर्वी मानल्यापेक्षा निम्म्याच वेगाने होते, असे दाखवले. आडवाटेने आलेले काही आकडे आधीपासून तिकडेच बोट दाखवत होते. परिणाम असा, की आकाशगंगेतल्या जुन्या तारकागुच्छांचे वय एका फटक्यात ७० ते १०० कोटी वर्षांनी वाढले.

ऑक्सिजनच्या जुन्या प्रश्नालाही अनपेक्षित साक्षीदार मिळाला. अतिशय जड तारा जळत जळत शेवटी एवढा अस्थिर होतो, की स्फोटात त्याचा काहीच अवशेष उरत नाही. त्यामुळे सूर्याच्या पन्नासेक पटींहून जड कृष्णविवरांची एक पोकळी असायला हवी. ती पोकळी नेमकी कुठे सुरू होते, हे ताऱ्याच्या गाभ्यात कार्बन किती उरला यावर, म्हणजे फिरून त्याच अभिक्रियेवर ठरते. वेग कमी असेल तर कार्बन जास्त उरतो आणि सीमा वर सरकते. गुरुत्वलहरींतून मोजलेल्या कृष्णविवरांच्या वजनांवरून २०२० मध्ये फार्मर आणि सहकाऱ्यांनी हा वेग उलट काढून पाहिला. त्याच वर्षी जाहीर झालेल्या एका टकरीतली कृष्णविवरे सूर्याच्या ८५ आणि ६६ पट निघाली, म्हणजे बहुधा थेट पोकळीतली, आणि हिशेब पुन्हा गुंतला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिथल्या चार किलोमीटर लांबीच्या भुजा अशा टकरी टिपू लागल्या, की कार्बन-ऑक्सिजनच्या या खात्यात मराठवाड्यातूनही नोंदी पडतील.

सध्याचा सर्वांत मोठा वाद कार्बनवर कार्बन आदळण्याचा आहे. सूर्याच्या आठ-दहा पटींहून मोठ्या ताऱ्यांत हेलियम संपल्यावर हेच सरपण. कातानियातून ऑरोरा तुमिनो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये निकाल दिला. घोडा होता नायट्रोजन-१४, त्याच्या पोटात कार्बन-१२ आणि सोबत ड्यूटेरॉन. त्यांच्या मते कमी ऊर्जेला अनुनादांची रांगच आहे आणि त्यामुळे काही तापमानांना अभिक्रिया पंचवीसपटीपर्यंत वेगवान होते. हे खरे असेल तर कार्बन जळायला समजले होते त्यापेक्षा कमी तापमान पुरेल, आणि न्यूट्रॉन ताऱ्यांवरच्या प्रचंड क्ष-किरण स्फोटांचे एक जुने कोडेही सोपे होईल.

पुढच्याच वर्षी आक्षेप आला, तो मुखामेदझानोव्ह यांचाच. आडवाटांचे गणित ज्यांनी स्वतः घडवले, त्यांनी आता म्हटले, की या हिशेबात कणांमधले विद्युत प्रतिकर्षण गृहीतच धरलेले नाही. ते धरले तर वाढलेला वेग बराचसा विरघळतो. हलक्या केंद्रकांत ही चूक खपून जाते. नायट्रोजन आणि कार्बनसारख्या जास्त भाराच्या जोडीत ती खपत नाही. तुमिनो यांच्या गटाला ते मान्य नाही. आडवाटेने येणारा आकडा प्रयोगाचा असतो तितकाच सिद्धांताचाही असतो, आणि सिद्धांतच वादात सापडला की प्रयोग कितीही चोख असून भागत नाही.

निवाडा थेट मोजणीनेच व्हायचा आहे. फ्रान्समध्ये आणि अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात कण आणि गॅमा किरण एकाच क्षणी पकडून कार्बन-कार्बनची मोजणी खाली खाली नेली जात आहे, पण वादातला पट्टा अजून त्यांच्या आवाक्यात आलेला नाही. ग्रान सासोच्या खडकाखाली आता जुन्या छोट्या यंत्राच्या जोडीला ३५ लाख व्होल्टचा नवा त्वरक बसला आहे. त्याच्या कामांच्या यादीत कार्बनवर कार्बन हा प्रयोग अग्रभागी आहे.